बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

मिशनच्या दप्तरात मनुष्याच्या अंतःकरणाची नोंद ठेवण्याची सोय नसते. तेथे नाव, गाव, वय आणि तारीख एवढेच रकाने असतात, आणि त्या रकान्यांत मावेल तेवढेच आयुष्य पुढे इतिहास म्हणून आपल्या हाती येते. नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातील अशी एक तारीख मराठी वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असते: 10 फेब्रुवारी 1895, मुक्काम मुंबई. कोकणस्थ ब्राह्मण कुळातील एक कवी त्या दिवशी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. ज्यांना या घटनेने आनंद झाला त्यांनी ती तारीख विजयाची मानली, ज्यांना दुःख झाले त्यांनी ती मृत्यूची मानून स्नान केले. परंतु एका गोष्टीविषयी दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत होते, आणि ती म्हणजे त्या दिवशी जे काही व्हावयाचे होते ते होऊन चुकले. माझे म्हणणे असे आहे की त्या दिवशी फारच थोडे झाले होते. आणि आयुष्यातील कोणत्याही मोठ्या स्थित्यंतराकडे, मग ते धर्माचे असो, वैधव्याचे असो, अगर नोकरी सुटल्याचे असो, पाहण्याची आपली दृष्टी या तारखेच्या मोहामुळेच अधू झालेली आहे.

टिळकांच्या बाबतीत तर त्या दिवसाची पूर्वतयारीच दोन वर्षांची होती. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवून दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. हा गृहस्थ कोण होता याविषयी निश्चिती नाही. टिळकांना ते भाकीत रुचले नाही. परंतु पुस्तक वाचतो असे वचन दिले होते, म्हणून हाती पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून खुणा करीत करीत, त्यांनी ते वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचा पाय तेथेच गुंतला. त्यानंतरचा काळ शंका, निनावी पत्रव्यवहार, आप्तांपासून लपवालपवी आणि स्वतःशीच चाललेला वाद यांत गेला. चरित्रकार हा काळ बहुधा पानभरात आटोपतात, कारण त्यात प्रसंग नाहीत. माझ्या दृष्टीने मात्र आगगाडीतील भेटीपेक्षा आणि मुंबईच्या समारंभापेक्षा ही पेन्सिलच अधिक महत्त्वाची आहे. धर्मग्रंथावर खुणा करीत वाचणारा मनुष्य ग्रंथाची परीक्षा घेत असतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात येते की परीक्षा आपलीच चालली आहे.

परंतु या कथेतील खरा विस्मय टिळकांच्या ठायी नाही; तो त्यांच्या पत्नीच्या ठायी आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नसदेखील धुऊन घेतल्यावाचून घरात चालत नसे, आणि त्या धुण्यापुसण्याच्या दहशतीतच मुलीचे बालपण गेले. अकराव्या वर्षी लग्न झाले, आणि नवरा मिळाला तो शीघ्रकोपी, उधळ्या हाताचा, आज येथे तर उद्या तेथे अशा वृत्तीचा प्रतिभावंत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळखही नवऱ्यानेच करून दिली. अशा स्त्रीला एके दिवशी कळते की आपला नवरा ख्रिस्ती झाला. तिच्यापुढे पेन्सिल घेऊन विचार करण्यास दोन वर्षे नव्हती. पतीचा निर्णय तिच्या अंगावर भिंत कोसळावी तसा आला, आणि पुढील सुमारे पाच वर्षे ती विवाहित असून पतिविरहित, सवाष्ण असून निराधार अशा स्थितीत, लहान मुलासह, आप्तांच्या आश्रयाने कधी नाशिकास तर कधी पंढरपुरास राहिली.

या पाच वर्षांची आणि त्यांच्या आगेमागची हकीकत त्यांनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ या आत्मवृत्तात सांगितली, ज्याचे भाग 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि ज्याचा अंतिम भाग बाहेर येण्यापूर्वीच 1936 च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. मराठी गद्यातील त्या ग्रंथाचे स्थान येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मला त्यातील एकच गोष्ट पुढे आणावयाची आहे, आणि ती म्हणजे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या ख्रिस्ती म्हणून नव्हेत. अहमदनगरास पतीबरोबर संसार पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांचा स्वयंपाक स्वतंत्र होता, पाणी स्वतंत्र होते, सोवळे जसेच्या तसे होते; मिशनच्या परिसरात एक ब्राह्मण स्त्री आपल्या ख्रिस्ती पतीचा विटाळ सांभाळीत राहत होती. पाहुण्यांनी हसावे असा तो देखावा, आणि लक्ष्मीबाई स्वतःही त्यास हसल्याच आहेत. परंतु टिळकांनी ती दुसरी चूल मांडू दिली. ज्या मनुष्यास ताटात मीठ कमी पडले तरी संताप येत असे त्याने, आपल्या मते असत्य ठरलेला आचार आपल्याच घरात चालू दिला, आणि पत्नीच्या विवेकबुद्धीस तिच्याच गतीने चालावयास मोकळीक दिली, हे टिळकांच्या ख्रिस्तीपणाचे मला त्यांच्या कोणत्याही अभंगापेक्षा भक्कम प्रमाण वाटते.

आणि मग त्या दुसऱ्या चुलीपाशी जे घडले ते कोणत्याही दप्तरात नाही. एके दिवशी लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करीत बसल्या: जन्म आणि मरण, भूक आणि दुखणे ही सर्वांस सारखीच, मग ही जातींची उतरंड देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांना मिळाले, आणि ते मिळताच त्यांनी मनाशी निश्चय केला की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपल्यास वर्ज्य नाही. हा निश्चय करताना ख्रिस्ती होण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. कोणी उपदेश केलेला नव्हता, कोणी अश्रू ढाळलेले नव्हते. स्वतःच्या सवयीस स्वतःच साक्षीला बोलावून, उलटतपासणी घेऊन, दिलेला तो फैसला होता. श्रद्धा नंतर आली, आणि बाप्तिस्मा त्याहूनही नंतर, 1900 साली. म्हणजे एकाच घरातील दोन माणसांनी एकाच ठिकाणी पोहोचण्यास निरनिराळ्या दिशांनी प्रवास केला: पतीने ग्रंथापासून आरंभ केला, पत्नीने स्वयंपाकघरापासून. यांपैकी कोणता प्रवास अधिक खडतर होता याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. टिळकांनी गमावले ते समाजातील स्थान. लक्ष्मीबाईंना आधी आपला नवरा गमवावा लागला, मग आपले सोवळे, म्हणजे ज्याच्या बळावर त्यांच्या वडिलांनी सारे आयुष्य काढले ती वस्तू.

कोणी म्हणेल की ही एका घरची अपवादात्मक कथा झाली. तसे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात, वाँटेज येथे झाला, आणि त्यावरून पुण्यात किती गदारोळ उठला हे सर्वश्रुत आहे. परंतु 1907 साली आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिताना रमाबाईंनी जे निवेदन केले ते गदारोळ करणाऱ्यांच्या आणि स्वागत करणाऱ्यांच्या, उभयतांच्या हिशेबात न बसणारे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना प्रतीत झाले की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, परंतु त्या धर्माचे जे चैतन्य, तो ख्रिस्त, आपल्यास भेटावयाचा राहूनच गेला आहे. या शोधास निमित्त झाले ते हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त; आणि हा हॅस्लम कोण, तर कित्येक वर्षे पाळकपण केल्यानंतर, व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देत असता, आपल्याच प्रवचनाने ज्याचे परिवर्तन झाले तो. या योगायोगात एक प्रकारची विनोदबुद्धी आहे, आणि ती रमाबाईंना खचित उमगली असावी. मधल्या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या: अमेरिकेत हिंडल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले, आणि या सर्व काळात वाँटेजच्या आश्रमभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता तो आज्ञाधारक शिष्येचा नव्हता, तर माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्याही स्वाधीन करणार नाही असे निक्षून सांगणाऱ्या एका शास्त्र्याच्या कन्येचा होता. बाहेरून पाहणाऱ्यास वाटले, हे धर्मांतर कच्चे आहे. वस्तुतः ते पिकत होते. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळात वणवण फिरून वाचविलेल्या शेकडो मुली आणि अखेरीस बायबलाचे एकटीच्या हिमतीने केलेले मराठी भाषांतर, हे सारे त्या दुसऱ्या, तारीख नसलेल्या परिवर्तनाच्या नंतरचे आहे.

खुद्द प्रेषित पौलाचेही असेच आहे. दमास्कसच्या वाटेवरील त्याच्या परिवर्तनाचा प्रकाश चित्रकारांना फार प्रिय. परंतु पौल स्वतः गलतीकरांस लिहितो तेव्हा सांगतो की त्यानंतर तो अरबस्तानात गेला, आणि यरुशलेमास ज्येष्ठ प्रेषितांच्या भेटीस जाईपर्यंत तीन वर्षे लोटली. या तीन वर्षांचे चित्र कोणी काढलेले नाही, कारण काढणार कसले?

मग या मधल्या, निनावी वर्षांत मनुष्याने करावयाचे काय? ख्रिस्ती परंपरेने यास एक उत्तर दिलेले आहे, आणि ते व्यवहारी आहे म्हणूनच मला आवडते. 1521 साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला एक बास्क सरदार घरी खाटेवर पडला होता. वाचावयास शौर्यकथा मागितल्या तर त्या घरात नव्हत्या, होती ती ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र सांगणारी पुस्तके. वेळ जाईना म्हणून तो कधी या पुस्तकांचा विचार करी, कधी आपल्या पूर्वीच्या दरबारी मनोरथांचा. आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आले की दोन्ही प्रकारचे विचार चालू असताना गोड वाटतात, परंतु संपल्यावर एक प्रकार मनास शुष्क करून जातो आणि दुसरा प्रसन्न ठेवून जातो. इग्नेशियस लोयोलाच्या साऱ्या साधनेचे मूळ या निरीक्षणात आहे. पुढे त्याने आपल्या संघातील लोकांस दिवसातून दोन वेळा, दुपारी आणि रात्री, आपल्या दिवसाची झडती घेण्यास सांगितले: प्रथम मिळाले त्याबद्दल आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाचे तासातासाने सिंहावलोकन, मग चुकले त्याची क्षमा, आणि शेवटी उद्याचा संकल्प. याच संघाचा फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यास आला, आणि याच संघाच्या थॉमस स्टीफन्सने ओवीबद्ध मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले. तेव्हा ही झडतीची पद्धत आपल्या भूमीस परकी आहे असे म्हणता यावयाचे नाही.

या पद्धतीतील क्रमाकडे लक्ष द्यावे. चुकांची पाळी चौथी आहे. आपण आत्मपरीक्षण म्हणून जे करतो त्यात बहुधा चुका पहिल्या येतात आणि शेवटच्याही त्याच राहतात. रात्री अंथरुणावर पडून मनुष्य स्वतःवर फिर्याद करतो, स्वतःच न्यायाधीश होतो, आणि पहाटेपर्यंत शिक्षा भोगून उठतो. नोकरीतून निवृत्त झालेला अंमलदार, ज्याचा मुलगा परदेशी स्थायिक झाला आणि परत येणार नाही असा बाप, मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून भावकीत मान खाली घालून वावरणारी आई, यांच्या रात्री अशाच जातात. यांना झोप लागत नाही याचे कारण त्यांनी विचार केला नाही हे नसून, विचार करताना समोर कोणी ऐकणारा नव्हता हे आहे. ख्रिस्ती मनुष्याची झडती ही प्रार्थना असते. ती कोणासमोर तरी चाललेली असते, आणि ज्याच्यासमोर चालते तो फिर्यादीपेक्षा दयाळू आहे असा तिचा पाया असतो. हा पाया ज्यास मान्य नाही त्यासही क्रमाचा उपयोग आहे, एवढे मी अवश्य म्हणेन. परंतु क्रम आणि पाया एकच आहेत असे भासविणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. बदल स्वीकारा, देवाची इच्छा म्हणून स्वीकारा, हा उपदेश दुर्बळांस गप्प बसविण्यासाठी फार सोयीचा आहे. गिरणी बंद पडलेल्या कामगारास, जमीन गेलेल्या कुळास, नवऱ्याने टाकलेल्या बाईस तो पुष्कळ वेळा केला गेला आहे, आणि करणाऱ्यांत पाळक व धर्मगुरू नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या ग्रंथाच्या नावावर हा उपदेश होतो त्यात ईयोबाचे पुस्तकही आहे, आणि त्यात दुःखितास धर्मशास्त्राचे पाठ देणाऱ्या तिघा मित्रांवर देवाचा कोप होतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर होत नाही. गेथशेमाने बागेत ख्रिस्तानेही आधी प्याला टळावा अशीच विनवणी केली. स्वीकारापूर्वीची ही विनवणी गाळून टाकली की जे उरते ते वेठीचे मुकाट्याने सोसणे होय.

वसईचे उदाहरण आपल्या आठवणीतले आहे. तेथील केळीच्या बागा आणि पानमळे जाऊन त्यांच्या जागी इमारती उठू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरांनी बाहेर जाऊ लागले, तेव्हा ‘काळाचा बदल’ म्हणून ते मान्य करा असे सांगणारे पुष्कळ होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मात्र हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे त्याविरुद्ध लोकांस उभे केले, आणि त्यापायी धमक्या सोसल्या. याच धर्मगुरूंनी पुढे संबंध बायबल सुबोध मराठीत आणले, आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. कोणता बदल पत्करावयाचा आणि कोणता अडवावयाचा, याचा निवाडा आत्मपरीक्षणावाचून होत नाही. कारण स्वतःच्या स्वार्थाची झडती ज्याने घेतलेली नाही त्याचा विरोध आणि त्याची शरणागती दोन्ही सारख्याच संशयास्पद असतात.

टिळकांनी स्वतःच्या बाबतीत हा निवाडा आयुष्याच्या अखेरीस पुन्हा एकदा केला. ख्रिस्ती होऊन बावीस वर्षे उलटल्यावर, 1917 मध्ये, त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्यांस आणि न झालेल्यांस सारखीच जागा होती. बाप्तिस्म्याच्या तारखेने ज्याचे नाव इतिहासात राहिले त्यानेच शेवटी त्या तारखेचे दार उघडे टाकले, ही गोष्ट त्यांच्या मिशनरी स्नेह्यांपैकी सर्वांनाच मानवली असेल असे नाही. 1919 च्या मे महिन्यात ते वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्या अध्यायांवर अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून पुरा केला.

यावरून आजच्या ख्रिस्ती मंडळ्यांस एक सूचना करावीशी वाटते. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवारास शिकविण्याचे वर्ग सर्वत्र आहेत, आणि ते असावेतच. कॅथलिक मंडळीत दरवर्षी ईस्टरच्या जागरणविधीत बाप्तिस्म्याच्या वचनांचे पुनरुच्चारणही होते. परंतु ते सर्वांचे एकत्र होते, एकेकाची हकीकत कोणी विचारीत नाही. पाळकांनी प्रत्येक नव्या ख्रिस्ती मनुष्याच्या घरी तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी एक संध्याकाळ राखून जावे. त्यास काय शिकला हे न विचारता आता कोठे अडला आहेस एवढेच विचारावे. आणि घरातील जो कोणी अद्याप वेगळा बसून जेवत असेल त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्यास काहीएक न सांगता त्याचे ऐकून घ्यावे. हीच वहिवाट विवाहाच्या, वैधव्याच्या आणि निवृत्तीच्या बाबतीत पाडावयास हरकत नाही. एवढा वेळ कोठून आणावयाचा, असे कोणी पंच विचारतील. मंडळ्यांच्या कमिट्या इमारतफंडाच्या जमाखर्चावर रात्री अकरापर्यंत बसलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा वेळेची अडचण आहे असे मला वाटत नाही.